‘व्हीबीएस चालू आहे, अंडरव्होल्ट होणार नाही’: लॅपटॉप ट्यूनिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजेंद्रनगरात घराच्या पुढच्या खोलीत बसून मी लॅपटॉप दुरुस्त करते. एप्रिल लागला की दोन गोष्टी हमखास सुरू होतात, घरात कैरीचं पन्हं आणि फोनवर ‘ताई, लॅपटॉप तव्यासारखा तापतोय’. त्यातली निम्मी मुलं भंवरकुव्याच्या खोल्यांत राहणारी, आणि त्यांनी फोन करायच्या आधीच व्हिडिओ बघून इंटेल एक्सटीयू नाहीतर थ्रॉटलस्टॉप टाकलेलं असतं. ही प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायची, म्हणजे अंडरव्होल्ट करायची सॉफ्टवेअरं; व्होल्टेज उतरलं की उष्णताही उतरते. पुढचं वाक्य ठरलेलं: ‘पण ते म्हणतंय व्हर्च्युअलायझेशन बंद करा.’ तेच उत्तर रोज देऊन घसा बसला, म्हणून हे एकदाचं लिहून काढलं.

नेमकं अडतं कुठे?

एकापाठोपाठ एक अशी तीन कुलुपं आहेत, आणि बाहेरून तिन्हींची लक्षणं सारखीच दिसतात: सॉफ्टवेअरमधला व्होल्टेजचा स्लायडर करडा पडलेला, किंवा सरकतो पण परिणाम शून्य.

पहिलं कुलूप विंडोजचं. त्याचं नाव व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी, म्हणजे व्हीबीएस. दुसरं प्रोसेसर आणि बायोसचं (विंडोजच्याही आधी चालणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) मिळून, अंडरव्होल्ट प्रोटेक्शन. तिसरं निव्वळ कंपनीचं: लॅपटॉप बनवणाऱ्याने बायोसमध्ये व्होल्टेज बदलायची सोय सुरुवातीलाच कुलूपबंद केलेली. इंटरनेटवरच्या बहुतेक सल्ल्यांत फक्त पहिल्याची किल्ली असते. मुलं ती फिरवतात, सुरक्षा बंद करून बसतात आणि मग कळतं की आपल्या लॅपटॉपला तिसरं कुलूप होतं. हाती काही लागत नाही आणि घराचं दार मात्र उघडं राहतं. त्यामुळे माझा आग्रह एवढाच, की आधी तुमचं कुलूप कोणतं ते ओळखा. बंद काय करायचं ते नंतर.

व्हीबीएस आहे तरी काय? आणि त्याचा व्होल्टेजशी काय संबंध?

प्रोसेसरमध्ये आभासी मशीन, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक, चालवायची सोय असते. विंडोज त्याच सोयीचा वापर करून स्वतःच्याही खाली एक पातळ थर बसवतं, हायपरव्हायझर. मेमरीचा एक कोपरा त्या थराच्या ताब्यात राहतो आणि नेहमीच्या विंडोजलाही तिथे हात घालता येत नाही. कोणता ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालू द्यायचा याची तपासणी त्या कोपऱ्यात होते. सेटिंगमध्ये जे मेमरी इंटेग्रिटी नावाचं बटण दिसतं ते हेच. उद्या एखादा व्हायरस अ‍ॅडमिनचे अधिकार मिळवून आत शिरला, तरी त्याला खोटा ड्रायव्हर घुसवता येऊ नये हा हेतू.

आता व्होल्टेज. इंटेलच्या प्रोसेसरला व्होल्टेज कमी कर असं सांगायचं तर त्याच्या आतल्या एका खास कप्प्यात, रजिस्टरमध्ये, आकडा लिहावा लागतो. हेक्साडेसिमलमध्ये त्याचा क्रमांक १५०. ट्यूनिंगची सॉफ्टवेअरं दुसरं काही करत नाहीत, एका ड्रायव्हरमार्फत तिथे आकडा लिहितात. खाली हायपरव्हायझर बसला असेल तर तो हे लिखाण मध्येच अडवतो. सॉफ्टवेअरला वाटतं आपण लिहिलं, आणि प्रोसेसरपर्यंत काहीच पोहोचलेलं नसतं. काही आवृत्त्या हे आधीच ओळखून उघडायलाच नकार देतात. माझ्या मते तो नकार जास्त प्रामाणिक.

माझ्याकडे ते चालू आहे का, हे कसं बघू? टास्क मॅनेजरमध्ये तर ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ दिसतंय.

इथे दहातले आठ जण फसतात. टास्क मॅनेजरमधली ती ओळ एवढंच सांगते की बायोसमध्ये प्रोसेसरची आभासी मशीनची सोय उघडी आहे. ती सोय कोणी वापरतंय का, याचा त्या ओळीशी संबंध नाही. घरात गॅसची जोडणी आहे म्हणजे शेगडी पेटलेलीच आहे असं थोडंच.

खरं उत्तर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये मिळतं. विंडोजची की आणि आर एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ टाइप करा, एंटर. पहिल्याच पानावर खाली खाली जा. ‘व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी’ या ओळीसमोर ‘रनिंग’ असेल तर पहिलं कुलूप लागलेलं आहे. ‘नॉट एनेबल्ड’ असेल तर नाही. ‘एनेबल्ड बट नॉट रनिंग’ असंही कधी दिसतं. त्याचा अर्थ, हुकूम सुटलाय पण अंमल नाही. बहुधा बायोसमधली सोय बंद असते.

तिथेच आणखी एक ओळ बघा. हायपर-व्ही संबंधीच्या तीनचार ओळी असायच्या, त्यांच्या जागी ‘अ हायपरव्हायझर हॅज बीन डिटेक्टेड’ असं एकच लांब वाक्य असेल, तर खाली थर बसलेला आहे. मग मेमरी इंटेग्रिटीचं बटण काहीही दाखवो.

मेमरी इंटेग्रिटी बंद केली, रीस्टार्टही केलं. तरी ‘रनिंग’च दिसतंय!

सगळ्यात जास्त फोन याचेच. त्या थरावर उभी असलेली मेमरी इंटेग्रिटी ही एकटी नाही. तुम्ही एका भाडेकरूला घराबाहेर काढलंत, बाकीचे आतच आहेत.

‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा आणि यादी बघा. हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म, विंडोज सँडबॉक्स: यातल्या कशापुढेही खूण असेल तर हायपरव्हायझर सुरू राहतो. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर गुन्हेगार जवळजवळ नेहमी व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म असतो. विंडोजमध्ये लिनक्स चालवायची दुसऱ्या आवृत्तीची सोय त्याच्यावर चालते, आणि डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं सॉफ्टवेअर) पुष्कळदा त्या लिनक्सवर. खूण काढलीत की उद्या डॉकर उघडणार नाही, आणि तुम्ही मला परत फोन कराल. त्यामुळे आधी ठरवा, तुम्हाला डॉकर हवंय की दहा अंश कमी तापमान.

दुसरी जागा क्रेडेन्शियल गार्ड, म्हणजे लॉगिनची गुप्त माहिती त्या कोपऱ्यात जपणारी सोय. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन प्रकारांत ते आपोआप चालू असतं. ‘माझं तर साधंच विंडोज आहे’ म्हणणाऱ्या कित्येकांकडे कॉलेजच्या परवान्याचं एज्युकेशन निघतं. प्रो किंवा त्यावरच्या प्रकारात ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, डिव्हाइस गार्ड असं जाऊन ‘टर्न ऑन व्हर्च्युअलायझेशन बेस्ड सिक्युरिटी’ डिसेबल करता येतं. होम प्रकारात हे एडिटरच नसतं.

तिसरी जागा विंडोज हॅलो. चेहरा किंवा बोट दाखवून उघडणाऱ्या काही लॅपटॉपमध्ये एनहान्स्ड साइन-इन सिक्युरिटी असते आणि ती व्हीबीएसवरच उभी आहे.

शेवटचा उपाय, हायपरव्हायझरला सुरूच होऊ न देणं. फोनवर सांगते तसंच सांगते: कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा, बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश सेट, स्पेस, हायपरव्हायझरलाँचटाइप हे सगळं एका शब्दात, स्पेस, ऑफ. सगळं इंग्रजी अक्षरांत. रीस्टार्ट. परत आणायचं असेल तेव्हा ऑफच्या जागी ऑटो. बहुतेक मशीनवर याने काम होतं. पण पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

यातलं काही करण्याआधी कोणती खबरदारी घ्यायची?

बिटलॉकर. ज्यांनी हा शब्द कधी ऐकला नाही त्यांनी तर नक्कीच वाचा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क पुष्कळदा आपोआप कूटबद्ध होते, तुम्हाला कोणी विचारतही नाही. मग बायोसमध्ये किंवा बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की लॅपटॉपला शंका येते, आणि पुढच्या वेळी तो निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो.

सुदामानगरच्या एका काकूंच्या मुलीने परीक्षेच्या आदल्या रात्री बायोसमध्ये एक बटण फिरवलं. तापणारा लॅपटॉप गार करायचा होता, दुसरं काही नाही. रिकव्हरी की साठवली होती मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्यात, ते खातं भावाच्या नावाने, आणि भाऊ पुण्याला रात्रपाळीवर. काकू माझ्या ओट्यावर, मुलगी डोळे पुसतेय. पहाटे साडेपाचला भावाने फोन उचलला आणि एकेक अंक वाचून दाखवला, आठ गटांत सहा-सहा. एक गट दोनदा चुकला.

तेव्हा आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन रिकव्हरी की बघा, कागदावर उतरवा, कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. मग कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. पूर्ण काढायची गरज नाही.

एवढा खटाटोप कशाला, बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनच बंद केलं तर?

होईल. थराला उभं राहायला जागाच उरणार नाही. पण मग अँड्रॉइडचे एम्युलेटर, व्हर्च्युअलबॉक्स, डॉकर, सगळंच बसेल. झाडाची एक फांदी हवी म्हणून बुंधा तोडण्यातला प्रकार. फक्त अभ्यास आणि गेम असेल तर चालेल.

सगळं बंद केलं, ‘नॉट एनेबल्ड’ दिसतंय, तरी व्होल्टेजचा स्लायडर करडाच. आता?

आता तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या कुलपापाशी आलात, आणि इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राग जात नाही.

२०१९ पर्यंत लॅपटॉपवर व्होल्टेज कमी करणं अगदी सर्रास चालायचं. चौथ्या पिढीपासून नवव्या पिढीपर्यंत बहुतेक इंटेल लॅपटॉप ऐकायचे. १० डिसेंबर २०१९ ला प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जाहीर झाला. बर्मिंगहॅम, ल्युव्हेन आणि ग्राझ इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं की व्होल्टेज नेमकं तेवढंच खाली आणलं, की प्रोसेसर बंद पडत नाही पण गणित चुकतो. त्या चुकीच्या उत्तरांवरून एसजीएक्स नावाच्या सुरक्षित कप्प्यातल्या गुप्त चाव्या काढता येतात. इंटेलने व्होल्टेजची सोय बंद ठेवता येईल असा बदल दिला, लॅपटॉपवाल्यांनी तो बायोस अपडेटमधून पाठवला, आणि कित्येकांचा चांगला चाललेला अंडरव्होल्ट एका सकाळी गायब झाला. गंमत अशी की पुढे इंटेलने घरगुती प्रोसेसरांतून एसजीएक्स काढूनच टाकलं. तिजोरी गेली, कुलूप राहिलं.

बाराव्या पिढीपासून त्यात अंडरव्होल्ट प्रोटेक्शनची भर पडली. ते चालू असेल तर विंडोजमधून व्होल्टेज खाली नेता येत नाही. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये याच नावाचं बटण असतं, ते डिसेबल करता येतं. पण असे लॅपटॉप मुख्यतः एचएक्स किंवा एचके (प्रोसेसरच्या नावाच्या शेवटची अक्षरं) प्रोसेसरचे, म्हणजे महागडे गेमिंगचे. यू आणि पी मालिकेच्या पातळ लॅपटॉपवर, आणि साध्या एचच्या बहुतेकांवर, हे बटण शोधत बसू नका.

खात्री करायची एक सोपी युक्ती. थ्रॉटलस्टॉपमध्ये व्होल्टेजची विंडो, एफआयव्हीआर, उघडा. ‘लॉक्ड’ असं लिहिलेलं असेल तर विषय संपला. नसेल तर सीपीयू कोअर आणि सीपीयू कॅश, दोन्हींना उणे ५० मिलिव्होल्ट द्या, अप्लाय करा आणि बाजूच्या तक्त्यातला ऑफसेटचा रकाना बघा. तिथे उणे ४९.८ आलं तर प्रोसेसरने ऐकलं. पन्नासाऐवजी ४९.८ का? प्रोसेसर व्होल्टचे १,०२४ भाग करून मोजतो, जवळचा भाग धरतो. रकान्यात शून्यच राहिलं तर तुमचा आकडा वाटेतच अडलाय. व्हीबीएस आधीच बंद असेल, तर अडवणारा बायोस.

आणि बायोस अडवत असेल तर व्हीबीएस बंद ठेवून उपयोग नाही. तिथल्या तिथे परत चालू करा.

मग जुनं बायोस टाकून बघू का? एका व्हिडिओत लपलेलं सेटिंग बदलतानाही दाखवलंय.

जुनं बायोस काही मॉडेलवर चढतं, काहींवर कंपनी अडवते. चढलं तरी मधल्या काळात दुरुस्त झालेली सुरक्षेची भोकं परत उघडतात. आणि ते दुसरं, म्हणजे बूटच्या आधी काळ्या पडद्यावर लपलेल्या सेटिंगचा पत्ता लिहून मूल्य बदलणं, त्यात एक अंक इकडचा तिकडे झाला तर लॅपटॉप उठतच नाही. मग चिपला क्लिप लावून प्रोग्रॅमरने बायोस भरावं लागतं. मी ते काम करते, पैसे घेते, पण कोणावर ती वेळ यावी असं मला वाटत नाही.

माझ्याकडे चालतंय! किती कमी करू?

उणे ५० पासून सुरुवात, पुढे दहा-दहाच्या पायरीने. कोअर आणि कॅश दोघांना सारखाच आकडा. प्रत्येक पायरीला सिनेबेंच आर२३, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी, दहा मिनिटं चालवा, आणि नंतर लॅपटॉप अर्धा तास नुसता पडू द्या. हे दुसरं सगळे विसरतात. भरपूर कामात टिकणारा अंडरव्होल्ट पुष्कळदा रिकाम्या वेळी, व्होल्टेज आधीच खाली असताना हँग होतो.

निळा पडदा येऊन त्यावर ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ किंवा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ दिसलं, की तुम्ही हद्द ओलांडलीत. वीस मिलिव्होल्ट मागे या. पडदा आला नाही तरी विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, व्हीया-लॉगरच्या नोंदी वाढत असतील तर तीही पूर्वसूचना समजा.

फायदा किती? प्रोसेसरची वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. त्याच वेगावर १.१० व्होल्टचे १.०० झाले तर कामात खर्च होणारी वीज साधारण १७ टक्के उतरते. ४५ वॉटच्या लॅपटॉपला हे थोडं नाही.

याने प्रोसेसर जळेल का?

व्होल्टेज कमी केल्याने जळत नाही, वाढवल्याने जळू शकतो. शिवाय सॉफ्टवेअरने दिलेला आकडा बायोसमध्ये कोरला जात नाही. बंद करून चालू केलं की प्रोसेसर मूळपदावर. म्हणून एक काळजी घ्या: आठवडाभर नीट चालेपर्यंत सॉफ्टवेअरला विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हायला सांगू नका. नाहीतर सुरू होतं, हँग होतं, परत सुरू होतं, परत हँग.

तेराव्या-चौदाव्या पिढीच्या व्होल्टेजचा गोंधळ झाला होता, तो हाच का?

नाही. तो डेस्कटॉपचा. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि झिजत होता. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे अपडेट, दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लॅपटॉपच्या प्रोसेसरांना तो दोष लागू नाही, असं इंटेलचं म्हणणं आहे.

व्हीबीएस बंद ठेवलं तर खरंच किती धोका?

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. ज्या लॅपटॉपवर बँक, डीमॅट, घरच्यांचे आधार कार्डचे फोटो आणि जोडीला कुठून तरी उचललेले क्रॅक केलेले गेम आहेत, त्यावर बंद करू नका. क्रॅकबरोबर येणारी कीड नेमकी ड्रायव्हरच्याच वाटेने आत शिरते. नुसता गेमिंगचा वेगळा लॅपटॉप असेल तर गोष्ट निराळी. मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये गेम खेळणाऱ्यांना सांगितलं होतं की हवं तर खेळताना मेमरी इंटेग्रिटी आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद करा, नंतर चालू करा. उलट बाजूने, काही ऑनलाइन खेळांची चीटविरोधी सॉफ्टवेअरं हेच सगळं चालू हवं म्हणून अडून बसतात.

प्रोसेसर जुना असेल तर मेमरी इंटेग्रिटीचा भार जास्त जाणवतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन २ पासून हे काम प्रोसेसर स्वतः करतो, त्याआधीच्यांत विंडोजला ते ओढूनताणून करावं लागतं.

ऑफिसचा लॅपटॉप आहे. सुपर कॉरिडॉरला कंपनी आहे.

हात लावू नका. ‘हे सेटिंग तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे आहे’ असं लिहून आलं असेल तर ते खरंच त्याच्याकडे आहे. आयटीवाल्याला ‘तापतोय’ म्हणून तिकीट टाका.

विंडोजचा अँटीव्हायरस, डिफेंडर, ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरला व्हायरस म्हणतोय. मैत्रिणीकडे तर व्यवस्थित चालतं.

अशा कित्येक सॉफ्टवेअरांच्या पोटात विनरिंगझिरो नावाचा एक जुना ड्रायव्हर असतो. तो हार्डवेअरशी बोलायला सोपा, पण इतका मोकळा की कोणताही प्रोग्रॅम त्याच्या पाठीवर बसून आत जाऊ शकतो. २०२५ मध्ये डिफेंडरने त्याला धरायला सुरुवात केली आणि पंख्याचा वेग बदलणारी, रंगीत दिवे लावणारी साधी सॉफ्टवेअरंही अडकली. सॉफ्टवेअर चोर नाही, पण त्याने दाराला कडी लावलेली नाही. नवी आवृत्ती मूळ ठिकाणाहून घ्या. ‘डिफेंडरमध्ये अपवाद टाका’ हा सल्ला मी देत नाही.

माझा प्रोसेसर इंटेलचा नाही, एएमडीचा रायझन आहे.

एएमडीच्या ट्यूनिंग सॉफ्टवेअरच्या, रायझन मास्टरच्या, जुन्या आवृत्त्याही व्हीबीएस दिसलं की उघडत नसत, म्हणून आधी नवी आवृत्ती घालून बघा. लॅपटॉपच्या रायझनवर व्होल्टेजची मोकळीक तशी कमीच असते. सरळ वॉटची मर्यादा घाला, खाली सांगितलंय.

लिनक्सवर हा त्रास नाही ना?

व्हीबीएस नाही, पण सेक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारं बायोसचं सेटिंग) चालू असेल तर बहुतेक डिस्ट्रोंवर कर्नल लॉकडाऊनमध्ये जातो आणि त्याच रजिस्टरवर लिहू देत नाही. सेक्युअर बूट बंद करूनही ऑफसेट लागला नाही तर कुलूप बायोसचं आहे हे पक्कं समजा. परत चालू करायला विसरू नका.

व्होल्टेजला हात न लावता लॅपटॉप गार करता येईल का?

येईल. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचं काम याच्यातच होतं, व्हीबीएस जसंच्या तसं ठेवून.

पॉवर प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण त्या एका टक्क्याने टर्बो, म्हणजे गरजेला वेग वाढवायची सोय, बंद होतो. तापमान धाडकन खाली येतं. वेगही पडतो हे खरं, आय७-८७५०एच ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा, तो २.२ च्या आसपास येतो. टायपिंग, पीडीएफ, ऑनलाइन क्लास यांना कळतही नाही.

एवढी कात्री नको असेल तर ‘प्रोसेसर परफॉर्मन्स बूस्ट मोड’ हे लपवून ठेवलेलं सेटिंग पॉवरसीएफजी कमांडने उघडं करता येतं. त्यात ‘अ‍ॅग्रेसिव्ह’च्या जागी ‘एफिशिएंट एनेबल्ड’ निवडा.

तिसरा उपाय वॉटची मर्यादा. आय७-१२७००एच चा कागदावरचा पाया ४५ वॉट आणि टर्बो ११५ वॉट. पातळ लॅपटॉपच्या पंख्याला ११५ वॉट झेपतात का? काही सेकंदांत शंभर अंश, मग गचके. टर्बोची मर्यादा ६० वर आणली तर सुरुवातीची उसळी कमी होते, पण नंतरचा वेग एकसारखा राहतो. ही मर्यादा काही लॅपटॉपवर कंपनीच्याच अ‍ॅपमध्ये मिळते, आणि बायोसने लॉक केली नसेल तर थ्रॉटलस्टॉपमधूनही बदलते.

हे सगळं करूनही ९७ अंश. आता काय?

आता स्क्रूड्रायव्हर.

गेल्या वर्षी रंगपंचमीनंतर आठवडाभराने एक मुलगा आला. राजवाड्याजवळ दुसऱ्या मजल्यावर खोली, गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बरोबर खिडकीखालून जाते. खिडकी उघडी, लॅपटॉप टेबलावर चालू, साहेब खाली नाचायला. व्हीबीएस बंद केलं होतं, बायोसही धुंडाळून झालं होतं, उणे ८० मिलिव्होल्ट लागलेही होते, तरी तापमान हटेना. मी तळाचं झाकण काढलं. पंख्याची पाती गुलाबी. पंखा सोडवला तर हीटसिंकच्या पात्यांवर गुलाल आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर, एका कडेने चिमट्यात धरला तर अख्खाच निघून हातात आला. त्यातून हवा जायला फट नव्हती. थर काढला, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, आणि त्याच सेटिंगवर तापमान ८१. मग मी त्याला अंडरव्होल्ट काढायला लावलं: ८५. चार अंशांसाठी त्याने दोन रात्री घालवल्या होत्या.

माळव्यातली रात्र गार असते म्हणतात, पण मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ४० अंशांचीच हवा आत ओढली जाते. पंखा त्याहून गार काय करणार? गादीवर ठेवू नका, मागून दोन बोटं उचलून ठेवा, वर्षातून एकदा उघडून साफ करा.

व्हीबीएस परत चालू करायचंय, पण मेमरी इंटेग्रिटीचं बटण चालूच होत नाही. ‘इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्स’ म्हणतंय.

बंद असलेल्या काळात एखादा जुना ड्रायव्हर आत येऊन बसलाय. बहुधा जुन्या ट्यूनिंग सॉफ्टवेअरचाच, कधी प्रिंटरचा, कधी कुठल्या तरी डोंगलचा. त्याच पानावर ‘रिव्ह्यू इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्स’ दाबा. नावाची यादी येईल. नावावर क्लिक केलं की ‘पब्लिश्ड नेम’ दिसतं: ओईएम, मग एक आकडा, डॉट आयएनएफ. आधी ते सॉफ्टवेअर नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल करा. तरीही नाव यादीत राहिलं, तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल, स्पेस, स्लॅश डिलीट-ड्रायव्हर, स्पेस, ते ओईएमवालं नाव. आकडा दोनदा तपासा. शेजारचा आकडा तुमच्या वायफायचा असू शकतो.

बीसीडीएडिटने ऑफ केलं असेल तर ऑटो करा, ज्या फीचर्सच्या खुणा काढल्या त्या परत लावा, बिटलॉकर ‘रिझ्यूम’ करा. रीस्टार्ट झाल्यावर एमएसइन्फो३२ उघडून त्या ओळीसमोर ‘रनिंग’ आलं की झालं.